पितळेच्या दोन पुड्या

३ मार्च, सोमवार

सुटले! अकरा वर्षं कस्टमच्या फायलींच्या खोलीत काढली आणि आज एकदाची गोदामात उतरले. काम — नमुने घेणं. बाहेरून आलेला धातूचा माल उघडायचा, ड्रिलने त्याचा कीस काढायचा, पुडी बांधायची, लाखेनं सील करायची आणि लॅबला पाठवायची. कागदावर लिहिलाय तोच धातू आत आहे का, ते लॅब सांगणार.

मला ड्रिल मिळालंय! घरी मला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत.

आईला सांगितलं. "म्हणजे लोकांच्या कोऱ्या वस्तूंना भोकं पाडायची?" — हो. — "आणि त्याचा पगार देतात?" — हो! मग उठून घरातला हातोडा कपाटात ठेवून आली.

४ मार्च, मंगळवार

आज बिजागऱ्या. लाख बोटावर सांडली, टम्म फोड आला. दिवसभर त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

६ मार्च, गुरुवार

माल उघडताना क्लिअरिंग एजंट, म्हणजे व्यापाऱ्याच्या वतीनं माल सोडवून नेणारा, हजर लागतो. पुडीवर माझ्या सहीशेजारी त्याचीही सही. आज जो आला त्याचा शर्ट पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. गोदामात! जिथे नुसतं उभं राहिलं तरी माणूस काळवंडतो! मी मनातल्या मनात त्याचं बारसं केलं — इस्त्री.

अॅल्युमिनियमचे रॉड होते. मी ड्रिल लावलं आणि सगळा कीस त्याच्या शर्टावर! "अय्या, सॉरी सॉरी!" तो खाली बघत म्हणाला, "राहू द्या मॅडम. निदान चमकतोय तरी."

मला असं हसू फुटलं की लाख वितळवायची मेणबत्ती विझली. मग दारातून वारा यायला लागला, कीस उडायला लागला. तो म्हणाला, "थांबा, मी आडवा उभा राहतो." आणि राहिला. पाठमोरा, दोन्ही हात पसरून, पुडी बांधून होईपर्यंत.

वय काय माझं? छत्तीस. बरं.

१० मार्च, सोमवार

तांब्याच्या नळ्या. इस्त्री पुन्हा! त्याच्या एजन्सीचा माल सोमवारी आणि गुरुवारी लागतो. मी मुद्दाम शोधलेलं नाही. रजिस्टर उघडंच होतं. म्हणजे मी उघडलं म्हणून उघडं होतं.

लाख वितळेपर्यंत गप्पा. "घरी कोण कोण?"

"आई."

"आणखी?"

"आईच. ती एकटी चौघांना भारी आहे. तुमच्याकडे?"

"माझे शर्ट मीच इस्त्री करतो, यावरून काय ते ओळखा."

ओळखलं! दुपारी तीन लेबलांवर चुकीची तारीख घातली.

११ मार्च, मंगळवार

मंगळवार हा अगदीच बिनकामाचा वार आहे.

१३ मार्च, गुरुवार

आज नीट लिहिते. नंतर कुणी विचारलं तर मला आठवायला हवं.

माल — पिण्याच्या पाण्याच्या पितळी तोट्या. चारशे वीस खोकी. सगळ्या शाळांमध्ये बसणार. कागदावर "शिसेविरहित पितळ". इस्त्री आला, पण आज गप्प. सोबत त्याचा मालक, एरवी कधी गोदामात पाऊल न टाकणारा. गोड हसून म्हणाला, "मॅडम, ही पुढची दोन खोकी काढूनच ठेवलीत तुमच्यासाठी. मागचं काढायचं म्हणजे चार हमाल लागतील."

मी म्हटलं, "बोलवा चार."

पुढच्या तोटीला ड्रिल लावलं. लांबलचक कीस, पेन्सिलच्या सालीसारखा गोल गोल वळत आला. मागच्या रांगेतल्या तोटीला लावलं, तर भुगा! कडकड तुटून पडला. दोन्ही तोट्या दिसायला जुळ्या बहिणी. कारण मला कळेना, पण एकाच पितळेच्या अशा दोन तऱ्हा कशा?

"एकत्र करून टाका, एकच माल आहे," मालक.

"दोन पुड्या करते."

"मग माझा माणूस सही करणार नाही."

एजंटची सही नसेल तर उद्या कुणीही म्हणेल, बाईंनी पुड्या बदलल्या. मी पेन पुढे केलं. इस्त्रीनं मालकाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. दोन्ही पुड्यांवर सही केली. मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

मालक तरातरा निघून गेला. इस्त्री मागोमाग गेला. मी त्याला काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं ना!

१४ मार्च, शुक्रवार

प्रश्न शाळेतल्या मुलांच्या पाण्याचा आहे आणि मला दिसतोय तो घाम पुसणारा माणूस. लाज वाटायला हवी. वाटत नाहीये. जिना चढताना गुणगुणत होते म्हणे — शेजारणीनं आईला सांगितलं, आईनं मला सुनावलं.

१८ मार्च, मंगळवार

मंगळवारबद्दल लिहिलेलं सगळं मागे घेते!!

लॅबमधल्या केमिस्टबाईंचा स्वतःहून फोन. "पुढची पुडी स्वच्छ. मागचीत शिसं आहे, पाण्याच्या तोटीत चालेल त्याच्या वीसपट. नुसती पुढची पाठवली असतीत तर मी 'ठीक' लिहून मोकळी झाले असते." मी किसाचं सांगितलं. म्हणाल्या, "बरोबर! शिसं असलं की पितळ असंच तुटतं. तुम्हाला कुणी शिकवलं?" — कुणीच नाही! मी नुसतं बघितलं!

सगळा माल अडकवला. साहेब "वा" म्हणाले. साहेब! ज्यांनी अकरा वर्षांत मला "हं" च्या पुढे काही ऐकवलं नाही. मी फायलींच्या खोलीत जाऊन कपाटाच्या आड एक गिरकी घेतली. मग एकदम त्या शाळांमधली पोरं डोळ्यांपुढे आली, तोटीला तोंड लावून पाणी पिणारी.

काल सोमवार असून त्यांचा माल लागला नाही. आता गुरुवारी त्याला सांगायचं. पहिलं वाक्य पाठ करून ठेवलंय.

२० मार्च, गुरुवार

तो आला नाही. त्याच्या जागी एक जांभया देणारे काका आले. सहज विचारावं तसं विचारलं. "तो होय? तेरा तारखेलाच मालकानं काढला त्याला. सहीवरून वाजलं म्हणे."

म्हणजे आठवडाभर तो घरी बसलाय आणि मी इथे गुणगुणतेय! गिरक्या घेतेय!

पुन्हा तशी वेळ आली तर दोन पुड्या करीन का? करीन. तेच तर टोचतंय.

आई — "कोण तो?" मी — "कुणी नाही." आई — "कुणी नाहीसाठी एवढं ताट टाकायचं नसतं. जा, शोध त्याला." त्याचा पत्ता नाही, नंबर नाही. सोमवारी साहेबांना विचारायचं. काय वाटायचं ते वाटू दे.

२४ मार्च, सोमवार

मी विचारण्याआधी साहेबांनीच बोलावलं. हातात एक अर्ज. मोठ्यानं वाचला — "मी आजपासून दुसऱ्या एजन्सीत रुजू झालो आहे. तथापि नमुने घेणाऱ्या मॅडमसमोर मला तपासणीस उभे करू नये. त्यांना लग्नाची मागणी घालण्याचा माझा मानस असल्याने ते नियमात बसणार नाही."

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्हाला कल्पना होती?"

"आत्ताच कळतंय, साहेब."

"मग मी यावर शेरा काय मारू?"

म्हटलं, "मंजूर."