लाल भाताचा मुडा

मंगळवार, जुलै १९५६

परवाच्या उधाणाने बांध फुटला आणि खाडीचं पाणी दोन दिवस आमच्या शेतात उभं राहिलं. पांढऱ्या भाताची रोपं पिवळी पडली. ते बियाणं मी आणलं होतं, शाळेत आलेलं शेतकी खात्याचं पत्रक वाचून. शेजारी दामाकाकांचा रता, आमचा जुना लाल भात, त्याच पाण्यातून हिरवागार निघाला. तो खार कसा सोसतो? पत्रकात नव्हतं.

खार किती ते बघायला दादाने चिखल जिभेवर ठेवला आणि थुंकला. पेरणीआधीही ठेवला होता. तेव्हा मी हसलो होतो.

"मास्तर, कागद चाटून खार कलत न्हाय," काका बांधावरून म्हणाले.

आता पुन्हा पेरायला लाल बी हवं. घरातलं सगळं मीच कांडायला लावलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. संध्याकाळी वहिनीने माळ्यावरून पेंढ्यात बांधलेला लाल बियाचा मुडा उतरवला.

"भावोजी, भिजत घाला. मोड आले की चिखलात फेकून पेरू."

वर्षाचं भात वाचलं. मुडा कधी बांधलात, विचारलं.

"तुम्ही पत्रक वाचून दाखवलंत ना, त्याच दिवशी."

मुडा पाण्यात ठेवला. मग खोलीत येऊन पायाचा चिखल चाखला. तोंड अजून खारट आहे.