हिचं हॉस्टेलचं सामान

११ जून, मंगळवार

खालच्या वॉचमनने आज माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते त्याच्याकडूनच कळलं. वहिनींना युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, पत्र त्यानेच सही करून घेतलं म्हणे. मी हसलो. मानही डोलावली – जणू मला सगळं ठाऊकच होतं.

तीन जिने चढून वर आलो. (दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, आमच्या इमारतीला लिफ्टच नाही.) ही कांदा चिरत होती. विचारलं. म्हणाली, हो. गणित. तीन वर्षं. बसने सात तास लांब, म्हणून हॉस्टेलला राहावं लागेल. एक जुलैपासून वर्ग. मग विचारलं, भात आत्ता टाकू की तुमची आंघोळ झाल्यावर?

सेहेचाळीस वर्षांची बायको. हॉस्टेल!

कंपनीकडून दर वर्षी डायरी मिळते, दर वर्षी कोरी रद्दीत जाते. यंदा लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगू?

१२ जून, बुधवार

दोन ठिकाणी कामं केली. दुसरीकडे लिफ्टचं दार बसवलं आणि पाना आतच राहिला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

१४ जून, शुक्रवार

आज समोर बसवूनच विचारलं. थोडं थोडं करून बाहेर आलं. बारावी राहिली होती, ती गेल्या वर्षी बाहेरून दिली. प्रवेश परीक्षा मार्चमध्ये. भावजयीला बरं नाही म्हणून चार दिवस माहेरी गेली होती, ती परीक्षेला! भावजय ठणठणीत होती. मी त्या चार दिवसांत हिने करून ठेवलेलं गरम करून खाल्लं, आणि आल्यावर भावजयीची चौकशीही केली. ही म्हणाली होती, आता बरीच सुधारणा आहे.

ठकीला माहीत होतं. आमची लेक, स्वतःच्या संसारात हजार कामं असलेली, तिने फॉर्म भरून दिला. आईलाही माहीत होतं. माझी आई, आमच्याच घरात राहणारी, सत्तर पार केलेली, जिच्या पोटात काही राहत नाही अशी माझी समजूत होती. वॉचमनचं तर सोडाच.

मी म्हणालो, मला विचारायचं तरी होतंस. मी काय नाही म्हणालो असतो?

ही शांतपणे म्हणाली, "नाही म्हणाला नसतात. नंतर बघू म्हणाला असतात."

 

१६ जून, रविवार

सामानाची यादी. ठकी फोनवर, फोन टेबलावर, ही वही घेऊन खाली बसलेली. ठकी हॉस्टेलला चार वर्षं काढून आलेली, त्यामुळे गुरूच्या थाटात. बादली-मग तिथे जाऊन घे, इथून वाहून नेऊ नकोस. कुलपं दोन, आणि किल्लीची जोडी मैत्रिणीकडे ठेव. (मैत्रीण! कोण मैत्रीण?) न्हाणीघरासाठी वेगळ्या चपला. कपडे वाळत घालायला दोरी, चिमटे. ताट, वाटी, चमचा एकच – दोन नेलीस तर दुसरं कुणीतरी वापरून तसंच ठेवेल. प्रत्येक वस्तूवर नाव. सगळ्या कागदांच्या प्रती तीन-तीन. पाठीला टेकायला उशी. चष्म्याची जादा जोडी. कपडे, तुला वाटतं त्याच्या निम्मे.

ही मुकाट्याने लिहीत होती. आठ वर्षांपूर्वी हेच सगळं उलटं झालं होतं – ही सांगत होती आणि ठकी तोंड वाकडं करत लिहीत होती. तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो. आजही पेपर हातात होता. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

शेवटी ठकी म्हणाली, "आणि बाबांना काय काय करायला शिकवलंस?" ही हसली. मी उठून गॅलरीत गेलो.

माझा अंदाज सांगून ठेवतो. पंधरा दिवस. अठरा वर्षांच्या पोरींमध्ये बसून ही कंटाळेल, गुडघे दुखतील, येईल परत.

१९ जून, बुधवार

आईला एकटी गाठली. तू तरी मला सांगायचंस. आई शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, तुला लग्नाआधीच सांगितलं होतं की तिने.

मला कळेना. मग आईने सांगितलं. हिला पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा ही सगळ्यांसमोर म्हणाली होती की मला पुढे शिकायचंय. बारावीच्या परीक्षेला तीन महिने होते. हिच्या वडिलांना अवघडल्यासारखं झालं. आणि मी म्हणे छाती पुढे काढून म्हणालो, "जरूर शिका, मी स्वतः फॉर्म आणून देईन." आईला ते फार आवडलं होतं – आपला मुलगा किती पुढारलेला!

मला आठवत नाही. खोटं नाही लिहीत. त्या खोलीतला पडदा आठवतो, हिरवा होता. खुर्चीचा एक पाय आखूड होता, तोही आठवतो, मी बसल्या बसल्या तो कागदाची घडी घालून नीट केला होता. हे वाक्य आठवत नाही.

अठ्ठावीस वर्षं हिने एकदाही ते बोलून दाखवलं नाही. भांडणातसुद्धा नाही.

२२ जून, शनिवार

चाकांची बॅग आणली. रिकामी असूनही घरात केवढी जागा खाते!

२३ जून, रविवार

हिचा नियम: जे स्वतःच्या हाताने तीन जिने चढवता येत नाही, ते न्यायचं नाही. तिथेही खोली तिसऱ्या मजल्यावर आहे.

म्हणून सकाळी बॅग भरली आणि घेऊन खाली गेली. मग वर. मला हात लावू दिला नाही. पहिल्या खेपेला दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. समोरच्यांनी दार उघडून विचारलं, कुठे प्रवासाला का? ही म्हणाली, नाही, सराव. वर येऊन जाड पांघरूण काढलं. दुसऱ्या खेपेनंतर दोन पुस्तकं, इस्त्री आणि आम्हा चौघांचा फ्रेममधला फोटो काढला.

फोटो मी घातला होता, न सांगता. परत कपाटावर ठेवत म्हणाली, काच जड असते.

तिसऱ्या खेपेनंतर माझी पुरचुंडी निघाली. टेस्टर, छोटा स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, चिकटपट्टी, टॉर्च. तीही मीच घातली होती. हॉस्टेलची वायरिंग कशी असते ते मला माहीत आहे. ही म्हणाली, तिथे दुरुस्तीला माणूस असतो. चिकटपट्टी आणि टॉर्च तेवढी ठेवली. पक्कड माझ्या हातात दिली.

चौथ्या खेपेला न थांबता वर आली. कपाळावर घाम, आणि असं हसू की मी दारातच उभा राहिलो, वाटेतून बाजूला व्हायचंही सुचलं नाही. हे हसू मी शेवटचं कधी पाहिलं?

२६ जून, बुधवार

कागदांच्या प्रती काढून आणायचं काम माझ्याकडे. दुकानात उभ्या उभ्या हॉस्टेलचा फॉर्म वाचला. तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे – तिथे आईचं नाव. आईचा फोन नंबर. सत्तर पार केलेल्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या माझ्या आईचा!

दुकानदार दोनदा म्हणाला, साहेब, किती प्रती? मला ऐकूच आलं नाही.

घरी येऊन फॉर्म पुढे ठेवला. हिने तो उचलून बाकीच्या कागदांत ठेवला. मग म्हणाली, "तुमचा फोन लिफ्टच्या खड्ड्यात लागत नाही."

एवढंच. पण मला कळलं ती कुठल्या दिवसाबद्दल बोलतेय. हिचे वडील गेले त्या दिवशी मी एका जुन्या इमारतीत खाली खड्ड्यात होतो. अकरा वेळा फोन केला होता हिने. मी वर आलो तेव्हा दिवस मावळला होता, ही दहा वर्षांच्या ठकीला घेऊन एकटीच बसने निघून गेली होती. मी मागाहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्या हिशेबी ते कधीच मिटलं होतं. मी माफी मागितली होती, हिने 'असू दे' म्हटलं होतं.

मिटलं नव्हतं. नुसतं बाजूला ठेवलेलं होतं.

३० जून, रविवार

सोडून आलो.

फाटकावरच्या बाईने हिला अडवलं. पालकांनी डाव्या बाजूला थांबायचं, विद्यार्थ्यांनीच फक्त आत. ही म्हणाली, विद्यार्थी मीच. बाईने पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, आपण विद्यार्थ्याचे कोण? नवरा, म्हणालो. मागची सगळी रांग माना काढून बघू लागली. एक मुलगी फिसकन हसली आणि तिच्या आईने तिला कोपर मारलं.

खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, खिडकीचं एक तावदान निखळलेलं. दुसऱ्या पलंगावरची मुलगी जेमतेम अठराची, चार बॅगा घेऊन आलेली आणि एकही उघडायचं धैर्य नसलेली. डोळे सुजलेले. हिने आधी तिला पाणी दिलं. मग दोरी बांधली, चादर घातली, कुलूप लावून पाहिलं. दहा मिनिटांत खोली हिची झाली. चिकटपट्टीने खिडकीचं तावदानही बसवलं. त्या मुलीने विचारलं, "तुम्हाला काकू म्हणू का?" ही म्हणाली, "वर्गात नको."

मी उगाचच नळ सोडून बघितला, बंद केला.

बाहेर पडताना फळ्यावर प्रवेशाची यादी लावलेली दिसली. मी खालून वाचायला सुरुवात केली, कुठेतरी तळाला असेल म्हणून. सापडेना. वाटलं चूक झाली, आता घरी घेऊन जावं लागणार – आणि खरं सांगतो, एक क्षण बरं वाटलं. मग वर नजर गेली. तिसरं नाव. हिचं नाव, मधे माझं नाव, मग आडनाव. एकशे चाळीस जणांत तिसरी. मी कसलीही परीक्षा न देता फळ्यावर.

फाटकापर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, काळजी घे. ती म्हणाली, आईंच्या कानाचं बघा. सात तास बसमध्ये खिडकीबाहेर बघत आलो. काय पाहिलं, विचाराल तर सांगता येणार नाही.

१ जुलै, सोमवार

भात कच्चा राहिला. आईने न बोलता खाल्ला.

४ जुलै, गुरुवार

आईच्या कानाचे थेंब शोधत होतो. हिच्या कपाटात खालच्या खणात कागदांचा गठ्ठा. गुडघ्याएवढा. ओढून बाहेर काढला.

माझेच कागद! वापरून झालेले तक्रारीचे फॉर्म मी घरी आणतो, कपाटात अंथरायला होतात म्हणून. एका बाजूला माझं अक्षर – चौथ्या मजल्यावर दार अडकते, ब्रेक घासतो, तारीख, सही. पाठीमागे हिची गणितं. बारीक अक्षर, कागदाचा कोपरान् कोपरा भरलेला. मला एकही ओळ समजली नाही. काही ठिकाणी अख्खं पान खोडलेलं, खाली पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक गणित सहा कागदांवर खोडलेलं सापडलं. सातव्यावर सुटलं असावं, कारण खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

हिने पण कोपऱ्यात तारखा टाकल्यात. मला कावीळ झाली होती तो महिना. ठकीच्या लग्नाच्या आधीचा आठवडा, घरात पाहुणे मावत नव्हते तेव्हाचा. मी शेजारच्या खोलीत होतो. दोन वर्षं मी शेजारच्याच खोलीत होतो.

जमिनीवरच बसून राहिलो. कामावर फोन करून सांगितलं, आज येत नाही. कारण विचारलं तर काय सांगावं कळेना, म्हणालो पोट बिघडलंय.

कागद जसे होते तसे परत लावले. थेंब फ्रिजमध्ये होते.

७ जुलै, रविवार

फोन आला की वाटतं, आता म्हणेल, परत येते. आज म्हणाली, सगळं ठीक आहे, जेवण बरं असतं. आवाज बसलेला होता. विचारलं तर म्हणाली, सर्दी.

११ जुलै, गुरुवार

सकाळी सातला फोन. रडत होती. पहिल्या चाचणीत शंभरात अकरा. शिकवतात ते कळत नाही, मुली पुढे निघून जातात, सरांनी वर्गात विचारलं की आपल्याला नक्की झेपेल ना. "माझं चुकलं. बॅग भरून ठेवते, उद्या मला न्यायला या."

महिनाभर हेच ऐकायला कान लावून बसलो होतो. पण डोळ्यांपुढे ते सहा खोडलेले कागद आले, आणि सातवा.

"नाही येणार," मी म्हणालो.

 मग तिने फोन ठेवला.

आईने आतून विचारलं, कुणाचा फोन? कळलं असतं तर तिने मला हिला आणायला आत्ताच्या आत्ता बसमध्ये बसवलं असतं.

राँग नंबर, म्हणालो.