टोमॅटोचं पाणी

६ जानेवारी
पोटॅशियम वाढलंय! डॉक्टर म्हणाले, "किडनी थकलीय, ते बाहेर टाकू शकत नाही. वाढत गेलं तर हृदयावर येईल. औषध आणि पथ्याने नाही उतरलं, तर डायलिसिसचं बघावं लागेल." म्हणजे आठवड्यातून तीनदा मी मशीनला बांधलेली! मी?! जिला कॉलेजपण धड पूर्ण करवलं नाही, जी एका गावात दोन महिने टिकली नाही!

टोमॅटो माझा जीव की प्राण. तो आता अगदी थोडा, तोही चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन. मामी शेजारी बसून मान डोलवत होती.

८ जानेवारी
मामा तुर्भ्याच्या भाजी मार्केटात टोमॅटोच्या गाळ्यावर माथाडी. साताऱ्याकडची गाडी आली की ड्रायव्हर पिशवीभर वानोळा देणारच. नाही म्हणायचं नसतं. मामी सगळी पिशवी बिल्डिंगमध्ये वाटते, माझ्यापुरता एक ठेवते. चिरते, उकळते, गाळते. गुडघे दुखतात तरी उभी. आई असती तर हेच—

विमान गेलं आत्ता, आमच्या उलव्याच्या डोक्यावरून. एवढं खाली! कुठे निघालं असेल?

११ जानेवारी
मामीची आमटी! दोन वाट्या प्यायले. पथ्याचं जेवण असं असेल तर काय टेन्शन.

१९ जानेवारी
रिपोर्ट आला. उतरायचं सोडून आणखी वाढलंय. "बाहेर काय खाता?" डॉक्टर. काही नाही, देवाशप्पथ!

मामी घरी आल्यावर सुटली— "दिसभर हिंडतीस, पावभाजी हाणतीस, आन् मी हितं हात भाजून घेते व्हय?" मामीने विश्वास ठेवला नाही, ते रिपोर्टपेक्षा जास्त लागलं.

२० जानेवारी
कळलं!!

सकाळी किचनमध्ये गेले. मामी टोमॅटो गाळत होती. टोमॅटो ताटलीत, आणि खालचं लाल पाणी— सरळ आमटीच्या पातेल्यात!

"मामी, हे काय?"

"येळवणी हाय. पुरणाची डाळ शिजली की तिच्या पाण्याची कटाची आमटी करतोच की. सगळं सत्त्व पाण्यात उतरतंय. ते मोरीत घालू व्हय? तुला ताकद नको?"

टोमॅटो धुऊन निघालेला, आणि त्यातलं सगळं मी रोज वाटीने प्यायले. वर "मस्त" म्हणून!

सांगू का नको? सांगितलं तर हिचं काळीज तुटणार. नाही सांगितलं तर मशीन. शेवटी म्हटलं, "मामी, ते सत्त्वच माझ्या किडनीला झेपत नाही. डॉक्टर तेच ओतून द्यायला सांगत होते."

"म्हंजी... मीच?"

खाली बसली. मी पातेलं उचलायला गेले तर हातातून घेतलं, स्वतः मोरीत ओतलं. मग नळ कितीतरी वेळ चालू.

२१ जानेवारी
मामी जेवली नाही. म्हणून मीपण नाही. मामा मार्केटातून आला, दोघींकडे बघितलं. "बसा उपाशी. मला भूक लागलीय." तीन भाकऱ्या खाल्ल्या, वर म्हणे, "आमटी पुचाट झालीय." मामी फिस्सकन हसली. वाचलो!

३० जानेवारी
उतरलं! डायलिसिस सध्या तरी नाही. पथ्य असंच चालू ठेवायचं. मामी डॉक्टरांच्या पायाच पडायला निघालेली, कसंबसं अडवलं. मग तिनेच विचारलं, "डाक्टर, परवास केला तर चालंल?" त्यांनी सांगितलं, चार-सहा दिवस चालेल. औषधं चुकवायची नाहीत, खाणं सांभाळायचं.

माझ्यासाठी विचारलं तिने! मी कुठेतरी लांब जायला किती तडफडते ते बघत होती तर. आभार मानायला गेले. "गप. उठ, भांडी घास."

माझ्या दोस्ताला, दिपेशला, लगेच फोन. त्याचा टेम्पो परवा माल घेऊन रत्नागिरीला जातोय. म्हणाला, ये.

१ फेब्रुवारी
बॅग घेऊन खाली आले. टेम्पोत मामी! नवं लुगडं, मांडीवर गाठोडं. "बघतीस काय? तुझं पथ्य कोन बघनार? आन् मी कुटं समुद्राचं गाव बघितलंय?"

गॅलरीतून मामा ओरडतोय, "आगं, माझ्या जेवणाचं काय?"

"भात लावा!"

पनवेल सोडलं. खिडकी तिने पकडलीय, सोडत नाही.