डाव्या पायाची तक्रार नव्हती

२ मार्च, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. पुढेमागे आठवणी लिहायच्या झाल्या तर कच्चा माल हाताशी हवा.
पायांचा डॉक्टर होऊन एकोणीस वर्षं झाली. निष्कर्ष एकच: माणूस मूर्ख असतो आणि गुडघ्याखाली ते जास्त दिसतं. चेहऱ्याला तीन क्रीमं, टाचेला तेलाचं बोट नाही. सकाळी एक जिमवाला आला. भोवरी स्वतःच ब्लेडने कापलेली. का, तर व्हिडिओत सोपं वाटलं. मग एक बाई. पाय एकोणचाळीस नंबरचा, बूट सदतीसचे. म्हणाल्या, वापरून सैल होतील. म्हटलं, बूट नाही होणार, बोटं वाकडी होतील. रागावून गेल्या.
संकल्प: यापुढे प्रत्येक पेशंटला दहा मिनिटं ऐकवायचं.

४ मार्च, बुधवार
अखेर एक शहाणा पेशंट! निवृत्त हेडमिस्ट्रेस, वय बहात्तर, पंधरा वर्षं शुगर. उजव्या पायाला भोवरी. ती तासता तासता पायांच्या निगेवर बोललो. दहाची पंचवीस मिनिटं कधी झाली कळलं नाही. बाई माझ्या तोंडाकडे बघत मान डोलवत होत्या. एक शंका नाही, एक फाटा नाही. जुन्या पिढीची शिस्त!
सिस्टरने मध्येच नाक खुपसलं. डावा बूट-मोजा काढू का? म्हटलं, डाव्याची तक्रार नाही. बाहेर पाच जण खोळंबलेले, आणि ते घट्ट मोजे परत चढवताना घाम निघतो. सिस्टर गप्प बसली. तिची गप्प बसायची एक पद्धत आहे. मला आवडत नाही.

७ मार्च, शनिवार
शुगरवाल्यांच्या मंडळाकडून व्याख्यानाचं आमंत्रण. पंधरा तारीख. अध्यक्ष फोनवर म्हणाले, हृदयवाले डॉक्टर ऐनवेळी नाही म्हणाले, म्हणून तुम्ही. 'म्हणून' सोडून बाकीचं ऐकलं.

१० मार्च, मंगळवार
बायकोसमोर तालीम. बाराव्या मिनिटाला तिचा डोळा लागला. आवाजात काहीतरी शांतवणारं आहे.
दवाखान्यात एक गृहस्थ. नख बोटात रुतून चार महिने झालेले. म्हणे आपोआप बरं होईल वाटलं. नखाला यांच्यापेक्षा जास्त अक्कल आहे अशी समजूत.
सिस्टर प्रत्येकाच्या बुटात हात घालून आतून चाचपत बसते. तेवढ्या वेळात माझे दोन मुद्दे होतील. बंद करायला सांगितलं.

१४ मार्च, शनिवार
सुचलं! व्याख्यानात आदर्श पेशंट प्रत्यक्ष दाखवायचा. हेडमिस्ट्रेसबाईंच्या घरी फोन केला. सूनबाई म्हणाल्या, आईंना घेऊन येते.

१५ मार्च, रविवार, दुपारी ३
दोन तास उरले. पाण्याची बाटली, टॉवेल, टिपणं. सिस्टरलाही बोलावलंय. चार चांगल्या गोष्टी तिच्या कानावर पडतील.

१६ मार्च, सोमवार
काल लिहिलं नाही.
खुर्च्या एकशेदहा, माणसं साठ. चाळिसाव्या मिनिटाला बाईंना वर घेतलं. म्हटलं, सांगितलेलं शब्दन्‌शब्द ऐकणाऱ्याचा पाय कसा असतो बघा. उजवा दाखवला. टाळ्या. मागून कोणीतरी म्हणालं, दुसराही दाखवा.
दाखवायला गेलो. मोजा तळव्याला चिकटलेला. पहिल्या रांगेत अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला. दुसऱ्या बोटाखाली चांगली बटणाएवढी जखम. बाई हसऱ्या चेहऱ्याने सभागृहाकडे बघत होत्या. शुगरने तळव्यातली जाणीवच गेलेली, त्यांना कसलं दुखणार?
सिस्टर न बोलावता वर आली. बूट उलटा करून आपटला. कानाच्या मशीनचा सेल पडला. सूनबाई ओरडल्या, अगंबाई, हा तर आम्ही दोन तारखेपासून शोधतोय! शेवटचा होता, नवे मागवलेत, तोवर मशीन बंदच आहे.
म्हणजे चार तारखेला बाईंना माझं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.
सिस्टर आणि सूनबाई त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेल्या. मी माइक बंद केला.

१९ मार्च, गुरुवार
सर्जन म्हणाले, जखम हाडापर्यंत गेलीय. म्हटलं, बुटात वस्तू पडली त्याला डॉक्टर काय करणार? त्यांनी विचारलं, चार तारखेला डावा पाय बघितला होतात? म्हटलं, तक्रार नव्हती. म्हणाले, ज्या पायाला जाणीव नाही तो तक्रार कशी करणार?
माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. बोलण्याची रीत नाही.

२० मार्च, शुक्रवार
सकाळी बोट काढलं. अंगठा वाचला. दहातलं एक. टक्केवारीने बघितलं तर वाईट नाही.
नंतर: वरचं वाक्य खोडलं. तरी वाचता येतंय.

२३ मार्च, सोमवार
बाईंना भेटायला गेलो. स्पष्टीकरणाचे चार मुद्दे कागदावर लिहून नेले होते. मशीनमध्ये नवा सेल. कसं वाटतंय विचारलं, तर म्हणाल्या, तुमचा आवाज इतका किनरा आहे होय? मग म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही एवढे रंगात आला होता, ऐकू येत नाही म्हणून मध्ये तोडायला जिवावर आलं. वर्गात एखादा मुलगा जोशात चुकीचं उत्तर द्यायला लागला तरी मी पुरं होऊ द्यायचे.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कागद खिशातच राहिला.
निघताना म्हणाल्या, पुढच्या वेळी पाय सिस्टरलाच दाखवीन, चालेल ना?
म्हटलं, चालेल.

३० मार्च, सोमवार
दहा पेशंट, वीस पाय. बूट सगळे उलटे केले. एकात खडा निघाला, एकात पेनाचं टोपण. दिवसभर कामापुरतंच बोललो.
संध्याकाळी सिस्टरने विचारलं, डॉक्टर, घसा बसलाय का?
म्हटलं, हो.
तिने मीठ घालून गरम पाणी आणून दिलं. गुळण्या केल्या.