मृत्युपत्रातली बाई

१७ नोव्हेंबर
सौंसर तहसील. बाबांच्या मृत्युपत्रावरून नामांतरणाचा अर्ज. बगीच्याच्या खात्यावरून बाबांचं नाव जाऊन बाईचं चढायचं, एवढंच काम. कागद मराठीत म्हणून हिंदी अनुवाद मागितला होता. तो तहसीलबाहेर टाइप करून देणाऱ्या एकाकडून करून घेतला. बाबूनं वाचून मान वर केली. "कौन सी महिला?"
मुळात आहे: बगीचा बाईला द्यावा. अनुवादात: बगीचा महिला को दिया जाए.
आजूबाजूचे हसले. बाई, माझी थोरली बहीण, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तीही हसली. मला हसू आलं नाही. मूळ कागद माझ्या अक्षरातला आहे.

१८ नोव्हेंबर
लिहून ठेवतो, नाही तर मीच उद्या वेगळं सांगेन. चार वर्षांपूर्वी बाबा बोलले, मी लिहिलं. दुकान धाकट्या प्रमोदला, पांढुर्ण्याचं घर मला, सौंसरचा संत्र्याचा बगीचा बाईला. नाव कोणतं टाकू, हे मी विचारलं होतं. माहेरचं कुसुम, ते कागदोपत्री कुठंच उरलं नाही. सासरचं वैशाली, ते बाबा तोंडात घेत नसत. जावई वारल्यावर दोन महिन्यांत त्या लोकांनी तिला घराबाहेर काढलं होतं. बाबा म्हणाले, "बाईच लिही. बाई म्हनजे कोन, हे का कोनाले सांगा लागते?"
लिहिलं. एकतीस वर्षं नागपूरच्या पेपरला बातम्या पाठवल्या. सायकलवरून पडलेल्या माणसाचंही पूर्ण नाव, वय, गाव घेतल्याशिवाय बातमी सोडली नाही. आणि बापाच्या मृत्युपत्रात, बाई.

२४ नोव्हेंबर
प्रमोदची आपत्ती, म्हणजे हरकत, दाखल. म्हणणं असं की बाई म्हणजे आई. आई बाबांच्या आधी गेली, तेव्हा बगीचा कोणालाच दिलेला नाही, तिन्ही भावंडांत सारखा वाटा करा. डोकं वकिलाचं असेल, सही याची आहे. लहानपणी याला ताप आला की रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसायची ती बाईच.
फोन केला.
"अबे, आईले आपण तिघंही आईच म्हणत होतो."
"आपण म्हणत होतो दादा. बाबा काय म्हणत होते ते सांग."
मग आवाज खाली आणून, "तुलेही तिसरा हिस्सा भेटून राहिला ना. मी काय एकट्यासाठी करून राहिलो का?"
फोन ठेवला. किळस. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

२ डिसेंबर
आमच्या सौ. मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही काही बोलूच नका. होते ते होऊ द्या." मी लगेच काही बोललो नाही. किती वेळ बोललो नाही, ते लिहीत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
प्रमोद जामसांवलीला जाऊन आला. मारुतीसमोर नारळ फोडून शपथ घेतली की बाबा आईलाच बाई म्हणत. फोटो घरच्या ग्रुपवर, कपाळभर शेंदूर. खाली सगळ्या नातेवाइकांचे जोडलेले हात. त्यात बाईचेही.
विचारलं, तू कशाला?
"मारुतीले जोडले रे. प्रमोदले कायले जोडू?"

१६ डिसेंबर
बोरगावला गुरुजींकडे. मृत्युपत्रावर साक्षीदार दोन, त्यातले एक वारले, हे उरले. म्हणाले, "सही माझ्यासमोर झाली, एवढं सांगतो. आत काय लिहिलं ते मी वाचलं नाही."
"पण गुरुजी, बाई कोण हे तुम्हाला माहीत आहे."
"माहीत आहे ना. पण मले दोन्ही घरी जेवाले या लागते."
हे माणूस आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचं. चहा अर्धा ठेवून उठलो.

५ जानेवारी
बाईचे वकील. "सगळं तुमच्या बयानावर आहे. एवढंच सांगा, वडील आईला बाई कधीच म्हणत नव्हते."
कधीच?
बाबा आईला नावानं हाक मारत नसत. "अवो", नाही तर "ऐकलं का". आणि चिडले की, "अवो बाई, झालं का तुझं?" हे मला वकिलाच्या खुर्चीत बसल्यावर आठवलं. बाबा चिडत रोजच. वकिलांना सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे कोणी विचारणार नाही. विचारलंच तर आठवत नाही म्हणा." असं म्हणाले, जसं कोणी चहात साखर किती विचारतं.

१२ जानेवारी
बयान झालं. प्रमोदच्या वकिलानं पाच मिनिटांत तिथंच आणून उभं केलं. "पिताजी ने माताजी को कभी 'बाई' कहा? हाँ या ना?"
आठवत नाही, हे शब्द तयार होते. बाई बाकावरून बघत होती.
"कहते थे. गुस्से में."
"बस. हाँ लिखिए."
कागदातली बाई म्हणजे माझी बहीण, बाबांनी सांगितलं आणि मीच लिहिलं, हेही मी मोठ्यानं सांगितलं. टाइप झालं, एका ओळीत.
बाहेर प्रमोदनं खांद्यावर हात ठेवला. "मानलं दादा तुले. खरं बोलला." अत्तर लावून आला होता. घरी येऊन शर्ट धुवायला टाकला.
आदेश राखून ठेवलाय. वकील म्हणतात, दिवाणी कोर्टात जा म्हणतील. मग किती वर्षं, ते…

१३ जानेवारी
बगीच्यात गेलो. झाडं महिनाभर ताणावर, पाणी तोडलेलं, पानं मलूल. आता पाणी दिलं तर बहार फुटेल, नाही तर वर्ष गेलं. बाई मोटरीपाशी उभी होती. मी कालचं समजावून सांगायला लागलो.
"तू खोटं बोलला असता तर मले चाललं असतं," ती म्हणाली. रागानं नाही.
मी एक मलूल पान खुडलं.
"बरं. आता हे सांग, पानी कोनासाठी सोडू?"
मोटरीच्या बटणावर हात ठेवून ती वाट बघत राहिली.