मृणालिनीच्या बारशाला पायी

३ सप्टेंबर १९३३, रविवार
काल सासुरवाडीला, बसवनहळ्ळीला, जाऊन आलो. गौरम्मा बाळंतपणासाठी तिथेच आहे. आधी मोटार, मग बैलगाडी, असा अकरा कोसांचा वळसा. हाडं खिळखिळी झाली. जेवताना सहज म्हणालो की आमच्या शहराच्या विजापूर वेशीबाहेरून जुनी गाडवाट सरळ तुमच्या गावात येते, अवघी चार कोस. मेहुणा ईरप्पा हसला. म्हणाला, दाजी, त्या वाटंवर आता फड्या निवडुंग हाय, माणूस न्हाय. आणि तुमी तर वेशीपतुर बी टांग्यानं जाता की.

मी इंग्रजी चौथीला भूगोल शिकवतो. आफ्रिकेतल्या नद्या मला तोंडपाठ आहेत. हा मला वाट सांगणार!

तिथल्या तिथे जाहीर केलं: बारशाला त्याच वाटेने पायी येणार, एकटा, दुपारी बाराच्या आत. सासरे महादेवप्पा म्हणाले, आलात तर नाव तुमी ठेवा. नाही आलो तर सासूबाई ठेवणार. सासूबाई चंद्रव्वा यांनी आजवर ठेवलेली नावं: कल्लव्वा, गुंडव्वा, दुंडव्वा. माझं ठरलेलं आहे. मुलगी झाली तर मृणालिनी. (मुलगा झाल्यास नंतर पाहू.) ईरप्पाकडून तीनदा म्हणवून घेतलं. त्याला येत नाही.

५ सप्टेंबर, मंगळवार
रोज पहाटे पाचला उठून वेशीपर्यंत चालण्याचा सराव. उद्यापासून.

६ सप्टेंबर, बुधवार
पाऊस होता. निदान ढग तरी होते.

१० सप्टेंबर, रविवार
वाटेची पाहणी केली. सोबत शाळेतला दिशा दाखवणारा कंपास, नवे बूट आणि जुनं तांबडं उपरणं. उपरण्याच्या पट्ट्या फाडून झुडपांना बांधत जायचं, म्हणजे बारशाच्या दिवशी वाट चुकणार नाही. कल्पना सर्वस्वी माझी.

पावसाने रान माजलंय. घाणेरी डोक्याच्या वर, चाकोरीत कमरेएवढं गवत, आणि निवडुंगाची तर भिंतच. दर दोनशे पावलांवर एक पट्टी. एकूण सतरा. म्हणजे दीड कोस तरी झालाच. (माझी पावलं लांब पडतात.) शेवटची पट्टी हिवराच्या एका मोठ्या झाडाला बांधली. शेजारी धनगरांची मेंढरं बसली होती. त्यांच्यातल्या मायाक्का नावाच्या म्हातारीने विचारलं, हे काय बांधताय? मी गंभीरपणे सांगितलं की ही खूण आहे, हिला कोणी हात लावायचा नाही, जो लावील तो वाट चुकेल. तिने लगेच हात जोडले. भूगोलाबद्दल खेड्यापाड्यांतही आदर आहे हे पाहून बरं वाटलं.

तिथून परतलो. बूट चावले म्हणून नव्हे. पाहणी पुरेशी झाली होती.

१७ सप्टेंबर, रविवार
पुढच्या वाटेची पाहणी रहित. टाच. शिवाय अर्धी वाट पाठ झाली की उरलेली आपोआप कळते.

२१ सप्टेंबर, गुरुवार
ईरप्पा बाजाराला आला होता. काल घट बसले त्याच सुमाराला मुलगी झाली. दोघी खुशाल. डोळ्यांत पाणी आलं, ईरप्पाला धुरळा म्हणून सांगितलं. बारसं येत्या एक तारखेला, रविवारी, दुपारी बाराला. तो म्हणाला, दाजी, मोटारीनंच या, बहीण काळजी करती. मी नकाशा काढून दाखवला. त्याने तो उलटा धरला, तरी त्याला फरक जाणवला नाही.

मृणालिनी. वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार
शाळेचा शिपाई बिरदेव याला अर्धा दिवस रजा हवी होती. बायकोला घेऊन वेशीबाहेर नव्या देवीला जायचंय. चिंध्याआई. लई जागृत हाय म्हणे. चिंधी बांधून बोललेला नवस फळतो, आणि बांधलेल्या चिंधीला हात लावला की माणूस वाट चुकतो. नवरात्र म्हणून पलीकडच्या गावांतल्या बायाही निवडुंग तोडत तोडत येतात.

वर्गात लोकभ्रमांवर अर्धा तास बोललो. मुलं तल्लीन. असली दैवतं उगवतात कुठून, याचा कोणीतरी मुळापर्यंत जाऊन शोध घेतला पाहिजे.

सराव उद्यापासून नक्की.

१ ऑक्टोबर, रविवार
सकाळी ६.१०. निघालो. कंपास, कडक भाकरी, शेंगाचटणी, मृणालिनीसाठी चांदीचे वाळे. बूट घरी, पायात जुन्या वहाणा.

७.१५. पहिली पट्टी सापडली. वाट मागच्यापेक्षा रुंद वाटते. एका माणसाच्या एका फेरीने एवढा फरक पडतो!

८.००. पट्ट्या मला आठवतात त्याहून पुष्कळ जास्त. पाहणी किती कसून केली होती! काही हिरव्या, काही पिवळ्या. तांबडा रंग उन्हाने असाच विटत असावा.

९.००. हिवर. इथून पट्ट्या चारी दिशांना गेल्या आहेत. डावीकडच्या धरल्या.

१०.३०. हिवर. पुन्हा. उजवीकडच्या धरतो. मध्यंतरी निवडुंगावर बसलो. चुकून. उभ्याने लिहीत आहे.

१२.००. हिवर. तिकडे पाळणा सजला असेल. गौरम्मा दाराकडे बघत असेल. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, नारळाच्या करवंट्या, बायांची ही गर्दी. एका बाईने हातावर खोबरं ठेवलं. तिला वाट विचारणार होतो, पण भूगोलाच्या मास्तराने विचारायची? खोबरं खाऊन कंपासप्रमाणे निघालो.

३.३०. शाळेतला कंपास बहुधा शाळेतच चालतो.

५.००. मायाक्का मेंढरं घेऊन आली. म्हणाली, मास्तर, सकाळधरनं बगती, तुमी हितंच फिरताय. आमाला वाटलं परदक्षिणा घालताय. बसवनहळ्ळीचं नाव काढल्यावर म्हणाली, मग हितं काय करताय, त्या बोरींच्या मागनं सरळ वाट हाय की. बायांनी नवरात्रात साफ केलीया, गाडी जाती.

तिने मला सामानाच्या घोड्यावर बसवलं. पुढ्यात दोन कोकरं. बसवेना, म्हणून आडवा झालो.

२ ऑक्टोबर, सोमवार. बसवनहळ्ळी
पालथा पडून लिहीत आहे. ईरप्पाने चिमट्याने एकवीस काटे काढले. एकदाही हसला नाही, याचं वाईट वाटलं.

काल पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. अंगणात सगळं गाव. पण बारसं व्हायचं होतं! बाप आल्याबिगर पोरीला पाळण्यात घालायची न्हाई, म्हणून गौरम्मा अडून बसली होती. दिवसभर काही खाल्लं नव्हतं. वाळे तिच्या हातात दिले आणि मृणालिनी म्हणालो.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, दोन वाजले तरी तुमचा पत्ता न्हाई, माझा जीव हितं न्हाई. चिंध्याआईला बोलून बसले: जावई सुखरूप येऊ दे, पोरीला तुझं नाव ठेवते. आई पावली की.

आता खरं सांगणं भाग होतं. सगळ्यांसमोर सांगितलं की कसली आई? ती पहिली चिंधी म्हणजे माझं तांबडं उपरणं. मी फाडलं, मी बांधलं, दहा सप्टेंबरला. वही दाखवली.

मग सासूबाईंनी मलाच हात जोडले. म्हणाल्या, अय्यो, एवढी माणसं सोडून आईनं पयली चिंधी तुमच्या हातनं बांधून घेतली, आणि धाच दिवसांत ही जन्मली! मायाक्का म्हणाली, व्हय, मी बगितलं, आन् हात लावू नका म्हणून त्येनीच सांगितलं. सासरे आतापर्यंत माझ्या बाजूचे होते. त्यांनीही मान डोलावली.

नाव चिंधव्वा. पुढच्या नवरात्रात पहिला नारळ मी फोडायचा, हेही ठरलं.

गौरम्मा पदरात तोंड लपवून इतकी हसली की पाळणा हलायला लागला. मग म्हणाली, शाळेत मृणालिनी घाला की, कोण न्हाई म्हणतंय. पटलं. शाळेला अजून सहा वर्षं आहेत. तोवर घरात सगळ्यांच्या तोंडी मृणालिनीच बसवायचं. उद्यापासून.

आज सकाळी एकटा पाळण्यापाशी गेलो. हळूच मृणालिनी म्हणालो. तिने जांभई दिली. आणखी दोनदा म्हणालो. झोपायच्या बेतात. तेवढ्यात आतून गौरम्माने चिंधू म्हणून हाक मारली, तर टक्क डोळे उघडले. मग मीही एकदा चिंधू म्हणून पाहिलं, केवळ प्रयोग म्हणून. माझ्याकडे बघितलं.

दुपारपर्यंत तोच प्रयोग चालू होता.