तंगूस कोणी धरायचा

९ एप्रिल

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागवाल, तर आधीच सांगते, दोष तुमच्या भावाचा आहे. गळ टाकणाऱ्यांच्या क्लबाची मोठी स्पर्धा मेच्या शेवटी आहे. क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे ते दाढीवाले निवृत्त इंजिनिअर, सगळ्या सभासदांची रिळं आमच्या मागच्या खोलीत ओतून गेले आहेत. प्रत्येक रिळावरचा गळाचा जुना नायलॉनचा तंगूस काढायचा आणि नवा घट्ट भरायचा. घट्ट का, हे तुम्हाला मी काय सांगणार! सैल भरला, की मासा जोरात ओढायला लागल्यावर वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात, दोरी अडकते आणि तटकन तुटते.

तर रोज संध्याकाळी आम्ही दोघं तिथे. हे टेबलाला रीळ बांधून हँडल फिरवतात आणि मी समोरच्या बुटक्या वेताच्या खुर्चीवर बसते. तंगुसाची दुकानातून आलेली मोठी फिरकी माझ्या पायांशी, आणि दोरी माझ्या चिमटीत, ओल्या फडक्यात धरलेली. यांनी ओढायची, मी रोखायची, एवढंच काम. पण ताई, एरवी तोंडात मूग धरून बसणारा हा माणूस तेव्हा किती बोलतो म्हणून सांगू! काल तुमची गोष्ट निघाली. लहानपणी तुम्ही दोरीचा गुंता केलात आणि मांजरावर ढकललात म्हणे. मी इतकी हसले, की चिमटी सुटली.

यांचं म्हणणं, माझ्यासारखा हात कुणाचाच नाही. हे स्वतः कधी लिहायचे नाहीत, म्हणून मीच लिहिते.

प्रकृतीला जपा. लोभ आहेच, त्यात भर पडावी.

आपली,
छोटी


१७ एप्रिल

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

मांजराची गोष्ट साफ खोटी आहे. आमच्याकडे मांजर नव्हतं. गुंता भाऊने केला होता आणि बोलणी मी खाल्ली होती. त्याला विचार.

दुसरं. तंगूस धरण्याचं काम तुझ्यापासून सुरू झालं, असा तुझ्या पत्राचा सूर आहे. माझी सगळी शाळा आणि कॉलेजची पहिली दोन वर्षं ते काम माझ्याकडे होतं. हातात जुना पायमोजा चढवून मी दोरी धरायची आणि भाऊ फिरवायचा. बोलायचा तेव्हाही. काय बोलायचा, ते तुला सांगितलं असेलच. नसेल, तर राहू दे.

तिसरं, आणि मुद्द्याचं. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. हात हे काही खात्रीचं साधन नव्हे. हात थकतो, त्याला घाम येतो, आणि तूच लिहितेस त्याप्रमाणे त्याला हसूही येतं. निवृत्तीनंतर मला वेळच वेळ आहे, म्हणून एक जोडणी तयार केली आहे. लाकडी फळीवर दोन उभे खांब, त्यांत सायकलच्या चाकाची दांडी, दांडीवर तुमची मोठी फिरकी. फिरकीच्या दोन्ही बाजूंना जाड लोकरी कापडाच्या चकत्या, त्यांना दाबणारी स्प्रिंग आणि दाब कमी-जास्त करायला पंखांचा नट. भाऊने नट हवा तेवढा पिळायचा आणि हँडल फिरवत राहायचं. समोर कुणी बसायची गरज नाही. पार्सल उद्या निघेल.

तुझी रोजची अडकणूक संपेल. संध्याकाळी फिरायला जात जा. तुझं वजन वाढलं आहे, असं तूच मागे लिहिलं होतंस.

बाकी सर्व ठीक. कळावे.

ताई


२९ एप्रिल

ती. ताई,
सा. न.

पार्सल पोचलं. झकास आहे! नट एकदा बसवला, की दोरी आपोआप ताणून येते. निम्म्याहून जास्त रिळं भरून झाली. दाढीवाल्यांना दाखवलं, तर म्हणाले, बहीण असावी तर अशी. मीही तेच म्हणतो. दांडीला थोडं तेल दिलं, बाकी काही बदललं नाही.

पत्रं लिहिणं मला जमत नाही, तुला ठाऊकच आहे.

तुझा,
भाऊ


३ मे

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

यांनी तुम्हाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं! पेटीत मीच टाकलं. वाचलं नाही, पण उजेडात धरून पाहिलं. चांगल्या सहा-सात ओळी होत्या. लग्नानंतर मी माहेरी गेले होते, तेव्हा मला आलेलं पत्र अजून जपून ठेवलंय. त्यात एकच वाक्य आहे, कपाटाची किल्ली कुठे आहे?

तुमचं यंत्र मागच्या खोलीत मानाने विराजमान झालं आहे. मी त्याचं नाव ‘धाकट्या वन्सं’ ठेवलंय. एक नणंद लांब होती, दुसरी घरातच आली. खात नाही, थकत नाही, आणि तुम्हाला बरं वाटेल, हसतही नाही. वन्संना जागा हवी म्हणून माझी खुर्ची भिंतीशी गेली. तिच्यावर आता रिकामी खोकी बसतात.

स्वयंपाकघरात मला हँडलची कुरकुर ऐकू येते. बोलणं ऐकू येत नाही, कारण बोलणार कुणाशी? काल चहा घेऊन गेले आणि दारातच दोन शब्द बोलायला लागले, तर यांनी बोट वर केलं. म्हणाले, जरा थांब, ताईच्या यंत्राचा आवाज ऐकू दे, त्यावरून ताण कळतो. मग हातातला चहा मीच प्यायले.

तुमच्या आज्ञेनुसार फिरायलाही गेले. बोटींच्या धक्क्यापर्यंत गेले, तिथे उभी राहिले, परत आले. एका संध्याकाळी हे किती वेळा करायचं? एवढा मोकळा वेळ मला मिळवून दिलात, त्याबद्दल आभार. तो कुठे ठेवायचा, तेही लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

राग नसावा. असला, तर निम्मा माझ्याकडेही आहे.

आपली,
छोटी


८ मे

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

यंत्राचा मत्सर करणारी माणसं मी पाहिली नव्हती. हा शब्द तुझ्या पत्रात कुठे नाही, पण ओळीओळीत तोच आहे. मला तो लांबूनही ओळखता येतो. कसा, ते विचारू नकोस.

भाऊचं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. तिचे भाऊ तिला फोनसुद्धा करत नाहीत. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

खुर्चीवर खोकी ठेवू नयेत, वेत सैल पडतो.

ताई


१६ मे

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला लिहू नये, अशी मला घरातून सक्त ताकीद आहे. म्हणूनच लिहिते आहे.

रविवारी क्लबाचा सराव होता. दाढीवाल्यांच्या गळाला मोठा मासा लागला, त्याने ओढ घेतली आणि दोरी वेढ्यांत रुतून तुटली. तासाभरात आणखी तिघांचं तेच झालं. संध्याकाळी सगळी रिळं परत आमच्या टेबलावर आली. दाढीवाले सभ्य गृहस्थ, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, की स्पर्धेआधी जमणार नसेल तर तसं सांगा, दुसरीकडे देतो. यांचं तोंड पाहवत नव्हतं. या कामात यांना आजवर कुणी असं बोललेलं नाही.

यांनी रिळं उलगडून पाहिली. वरचे वेढे लाकडासारखे कडक, आणि आतले बोटाने दाबले तर दबतात. मी म्हटलं, यंत्रातच काहीतरी आहे. तर म्हणाले, ताईचं गणित चुकणार नाही, हँडल मी फिरवलं, खोट माझ्या हातात असेल. मी म्हटलं, आणा, मी धरते पहिल्यासारखी. तर तेही नाही. मला समोर बसवलं, तर ताईने एवढ्या मायेने केलेल्या वस्तूचा अपमान होईल म्हणे. दार लावून घेऊन पुन्हा त्याच यंत्रावर भरताहेत, आधीपेक्षा हळू. जेवायला हाक मारली, तर हूं म्हणतात.

मी धरलेलं एकही रीळ कधी परत आलं नव्हतं. हे वाक्य मी या पत्रात तीनदा लिहिणार होते, एकदाच लिहिलंय, याची नोंद घ्यावी.

ताई, यांचा तुमच्यावरचा विश्वास माझ्याच्याने मोडत नाही. खरं सांगायचं तर मोडून पाहिला. तेव्हा काय करायचं, ते आता तुम्हीच सांगा. माझी जागा परत मागायला मला तुमच्या दारात यावं लागतंय, याची मला लाज वाटते, पण येते आहे.

आपली,
छोटी


१९ मे

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र हातात पडताच तशीच दुसरी जोडणी केली आणि दोरीला ताणकाटा लावून तपासली. खालचा मजकूर भाऊला मोठ्याने वाचून दाखव.

भाऊ, चूक माझी आहे, तुझ्या हाताची नाही. नट पिळून ठेवला, की चकत्यांचा दाब कायम राहतो, एवढं मी पाहिलं. पण फिरकी रिकामी होत जाते तसा तिचा घेर लहान होतो, आणि लहान घेरावरून दोरी ओढायला जास्त जोर लागतो. म्हणजे सुरुवातीचे वेढे सैल आणि शेवटचे कडक. व्हायला हवं नेमकं उलट. हा धडा मी नववीला शिकवत आले. तुझ्या मनात शंका आली असेल आणि ताईला कसं सांगायचं म्हणून तू गप्प बसला असशील, तर तो मूर्खपणा आहे. पुन्हा करू नकोस.

उपाय असा. फिरकी रिकामी होत जाईल तसा नट थोडा थोडा सोडत जायचा. किती, ते आकड्यात सांगता येणार नाही. दोरीवर बोट ठेवूनच ते कळतं. तुझे दोन्ही हात रिळात गुंतलेले असणार, तेव्हा हे दुसऱ्या माणसाने समोर बसून करायला हवं, आणि ज्याला दोरीची सवय आहे अशा माणसाने. छोटीला बसव. याला दुसरा उपाय नाही.

इथपर्यंत वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी. खोकी खाली काढ. वेत सैल पडलाच असेल, तर खाली जाड पुठ्ठा घाल.

ताई


३० मे

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

स्पर्धा पार पडली. एकाही रिळावर दोरी रुतली नाही. सगळ्यात वजनदार मासा दाढीवाल्यांचा. त्याचा फोटो काढताना माशापेक्षा दाढीच जास्त आली आहे.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. यांनी उठून खुर्ची स्वतः आणून ठेवली. मी नटावर बोट ठेवलं आणि पहिला वेढा बसायच्या आत यांची गाडी सुरू झाली. कॉलेजात असताना तुम्ही यांना चोरून गळाची नवी काठी घेऊन दिली होतीत, ते सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. ऐकून मला तुमचं कौतुक वाटायला हवं होतं. ते दुसऱ्या दिवशी वाटलं.

आता जे लिहिते, ते फक्त तुमच्या-माझ्यात.

काल दाढीवाले आभार मानायला आले. हे मागे अंगणात होते. नट कसा सोडत जायचा, ते मी दाढीवाल्यांना दाखवलं, तर हसून म्हणाले, की एवढा खटाटोप कशाला? ब्रेक फिरकीला लावायचाच नाही. फिरकी मोकळी फिरू द्यायची आणि वाटेत दोरीलाच कापडाच्या दोन गाद्यांत दाबून धरायचं. मग फिरकी भरलेली असो की रिकामी, ताण सारखाच. समोर माणूस बसायची गरजच उरत नाही. शाळेतल्या पोरालाही सुचेल, म्हणाले.

मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या माशाचं वजन विचारलं. त्यानंतर त्यांना दुसरं काही आठवलं नाही. यांना यातलं काही ठाऊक नाही.

ताई, तुम्ही ताणकाटा लावून बसलात, नववीचा धडा आठवलात, आणि एवढी साधी गोष्ट तुम्हाला दिसली नाही, हे मला पटत नाही. दुसरा उपाय नाही, असं तुम्ही लिहिलंत. खरंच सुचला नव्हता का?

आपली,
छोटी


५ जून

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

नाही सुचला. वय झालं.

दाढीवाले पुन्हा आले, तर पुन्हा माशाचाच विषय काढ.

आणि मी काही मोठी त्यागमूर्ती आहे, असं समजून मला पुढचं पत्र गहिवरून लिहू नकोस. मला अजून तुझा राग येतो. तू तिथे बसतेस आणि मी इथे, एवढं कारण त्याला पुरतं. पण भाऊ एकटा बसला, की मुका होतो. लहानपणीही व्हायचा. त्याचं ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं, की घड्या फाटल्या; त्यात दांडीला तेल दिल्याचं आहे, दुसरं काही नाही. तो तुझ्याशी बोलला नाही, तर माझ्यापर्यंत काय पोचणार?

तेव्हा यापुढे दर आठवड्याला पत्र हवं. तो जे बोलेल ते सगळं लिहायचं, स्वतःच्या मनाने गाळायचं नाही. माझ्याबद्दल बोलला असेल, तर ते आधी. तुझं कौतुक केलं असेल, तर तेही लिही. पण शेवटी, आणि थोडक्यात.

कळावे. लोभ आहे. किती, ते विचारू नये.

ताई